चकाकी आणि झीज : गाडीच्या रंगावरून फिरणाऱ्या पॅडचा इतिहास



आजचा विषय फळ्यावर वाचून दोघा-तिघांनी आम्हाला दारातच अडवलं. ‘सर, तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, आता गाडीच्या रबिंग-पॉलिशवर बोलणार?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधीच देतो. हा विषय आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आमच्यापुढे ठेवला. भिंगारला पाथर्डी रस्त्याच्या बाजूला त्याचं गाड्यांच्या पेंटिंग-पॉलिशिंगचं दुकान आहे. गेल्या दिवाळीत फराळाला आला तेव्हा म्हणाला, ‘सर, एक गिऱ्हाईक आहे. दर सहा महिन्यांनी गाडी आणतं आणि आरशासारखी करून मागतं. मी केली, तर दर वेळी त्याच्या गाडीचा रंग थोडा खातो. नाही म्हटलं, तर ते पुढच्या दुकानात जातं, आणि तिथं माझ्यापेक्षा जास्त खाल्ला जातो. मी काय करायचं?’

त्या दिवशी आम्ही उत्तर दिलं नाही. देता आलं नाही, हे खरं. त्याच्या प्रश्नात दोन प्रश्न होते. रंग खाल्ला जातो म्हणजे नेमका किती, कशाने, हा एक. आणि ते कळल्यावर करावं काय, हा दुसरा. पहिला सोडवल्याशिवाय दुसऱ्यावर प्रवचन देणं सोपं असतं, पण उपयोगाचं नसतं. म्हणून काही दुपारी आम्ही त्याच्या दुकानात स्टुलावर बसून काढल्या, आणि काही घरी पुस्तकांत. त्यातून जे हाती आलं ते आज मांडतो. मागच्या रांगेत गॅरेजवाली मंडळी बसली आहेत असं दिसतं. आमचं कुठं चुकलं तर त्यांनी शेवटी खुशाल सांगावं.

सुरुवात भिंगारपासूनच करू. आपल्या गावात चकाकीशी दोन उलट तऱ्हांनी वागलं जातं, आणि आपण ते लहानपणापासून पाहत आलो आहोत. छावणीतला जवान बूट, पट्ट्याचं बक्कल, टोपीवरचा बिल्ला सकाळ-संध्याकाळ घासतो. आणि त्याच छावणीतला रणगाडा मात्र कधी चमकत नाही. 1994 साली सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय तुम्ही पाहिलं असेलच. पॅटन आहे, विजयंता आहे, रोल्स-रॉइसची जुनी चिलखती गाडी आहे. लढाईच्या वाहनाचा रंग मुद्दाम मंद ठेवलेला असतो, कारण उन्हात चकाकणारं पोलाद मैलभरावरून दिसतं. म्हणजे एकाच माणसाच्या टोपीवर चकाकी ही शिस्त, आणि त्याच्याच वाहनावर चकाकी हा धोका.

आता त्या बिल्ल्याकडे जरा नीट बघा. नव्या जवानाच्या बिल्ल्यावरची अक्षरं टोकदार असतात. वीस वर्षं घासलेल्या बिल्ल्यावर ती गुळगुळीत, पुसट झालेली असतात. आपल्या देवघरातल्या जुन्या समईचंही तेच. आजीने चिंच आणि राख लावून जी घासली, तिच्यावरची नक्षी बोटाला लागेनाशी होते. पितळ चमकलं कसं? वरचा मळका, खरबरीत थर निघून गेला म्हणून. आपण ‘चमक आणली’ असं म्हणतो, जणू बाहेरून काही आणून लावलं. प्रत्यक्षात काहीतरी काढून नेलेलं असतं. आजच्या व्याख्यानाला एवढा एक धागा धरून ठेवा.

हे ज्ञान नवं नाही. मराठीत ‘शिकलगार’ हा शब्द आहे, आडनावही आहे. या सभागृहात कुणी शिकलगार असतीलही. मूळ अरबी ‘सैकल’ म्हणजे झिलई करणारा, त्याला फारसी ‘गार’ जोडला गेला. तलवारी, कट्यारी पाजळून त्यांना पाणी चढवणारे हे कारागीर. निजामशाहीच्या, मोगलांच्या, मराठ्यांच्या फौजा जिथं गेल्या तिथं ते गेले. त्यांच्या कामाचा नियम असा, की आधी जाड दगड, मग बारीक, मग त्याहून बारीक भुकटी, आणि शेवटी कापड किंवा कातडं. प्रत्येक पुढचा टप्पा मागच्या टप्प्याने पाडलेल्या रेघा काढायला असतो, आणि स्वतःच्या, आणखी बारीक रेघा मागे ठेवून जातो. त्या डोळ्यांना दिसण्याइतक्या मोठ्या राहिल्या नाहीत, की आपण म्हणतो, ‘झाली आरशासारखी.’

नगरचंच दुसरं उदाहरण विजापूरला आहे. शर्जा बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ नगरात 1549 साली ओतली गेली, रूमीखानाच्या देखरेखीखाली. काशाचा तो अजस्र देह आजही हाताला गुळगुळीत लागतो. ओतकामातून निघालेला धातू असा नसतो. कुणीतरी तो तासला, घासला, उजळला. त्या हातांची नावं कुठं कोरलेली नाहीत, पण त्यांच्या कामाचा पुरावा अजून स्पर्शाला मिळतो.

आता एक योगायोग सांगतो. 1707 साली औरंगजेब भिंगारच्या तळावर वारला. ती जागा आपण आलमगीर म्हणून ओळखतो. त्याच्या तीनच वर्षं आधी, 1704 मध्ये, लंडनला न्यूटनचा ‘ऑप्टिक्स’ हा ग्रंथ छापून निघाला. न्यूटनने तरुणपणी, 1668 च्या सुमारास, दुर्बिणीसाठी धातूचा आरसा स्वतः घासून तयार केला होता. घासण्याचं काम त्याला हाताने ठाऊक होतं. म्हणून ऑप्टिक्समध्ये तो जे म्हणतो ते आमच्या शिकलगाराच्या अनुभवाशी जुळतं. भुकटी कितीही बारीक असो, ती काचेला ओरखडेच काढते, ओरखडे फक्त इतके लहान होतात की दिसत नाहीत. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बील्बी या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने उलट मत मांडलं, की झिलई करताना पृष्ठभाग वितळल्यासारखा वाहतो आणि खड्डे बुजवतो. 1937 मध्ये बाउडन आणि ह्यूज यांनी घर्षणाची उष्णता मोजून त्या मताला बळ दिलं. नंतर धातूंच्या अभ्यासकांनी पुन्हा न्यूटनची बाजू उचलली. झिलई म्हणजे काढणं की पसरवणं, हा वाद अडीचशे वर्षं चालला, आणि त्याचं एक रूप आजही पाथर्डी रस्त्यावरच्या दुकानात जिवंत आहे. ते पुढे येईलच.

घासायचं ते कशाने? इथं आपल्या देशाचा एक शब्द जगभर गेला आहे. माणिक आणि नीलम हे ज्या खनिजाचे प्रकार, त्याला इंग्रजीत ‘कोरंडम’ म्हणतात. तो शब्द तमिळ ‘कुरुंदम’वरून गेला, आणि संस्कृतात त्याचा भाऊ आहे ‘कुरुविंद’. 1798 मध्ये चार्ल्स ग्रेव्हिल याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आशियातल्या या दगडाबद्दल निबंध वाचला. मोहसच्या कठिणता श्रेणीत हिऱ्याला 10 गुण, तर कुरुंदाला 9. रसायनाच्या भाषेत हा ॲल्युमिनियम ऑक्साइड, आणि आज गाडीच्या पॉलिशिंग कंपाउंडच्या बाटलीत जो पांढरट लेप असतो त्यातले कण बहुतेक वेळा याचेच असतात, अर्थात कारखान्यात बनवलेले. शिकलगाराच्या हातातला दगड आणि आमच्या विद्यार्थ्याच्या कपाटातली बाटली एकाच घराण्यातली.

या खनिजाने एका मोठ्या कंपनीला फसवलंही आहे. 1902 साली अमेरिकेत मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी कुरुंद खणायला स्थापन झाली. खाणीतून निघालं ते कुरुंद नव्हतंच, हलक्या प्रतीचा दुसराच दगड होता. कंपनी नाइलाजाने सँडपेपरकडे वळली. हीच पुढची थ्रीएम. 1921 मध्ये तिने पाण्यात भिजवून वापरायचा पेपर बाजारात आणला, जो आपल्याकडे गॅरेजात ‘वॉटर पेपर’ म्हणून मिळतो. आणि 1925 मध्ये, गाडी दोन रंगांत रंगवताना रंगाऱ्यांची होणारी ओढाताण पाहून, तिच्याच रिचर्ड ड्रू या कर्मचाऱ्याने मास्किंग टेप काढली. आजही पॉलिशवाला काम सुरू करण्याआधी रबराच्या कडांवर जी टेप लावतो, तीच.

आता रंगाकडे येऊ, कारण पॅड आणि कंपाउंड यांची निवड शेवटी रंगावर ठरते. घोडागाडीच्या काळी रंगावर व्हार्निशचे हात चढवत, प्रत्येक हात वाळवत, प्युमिसच्या भुकटीने घासत. एका गाडीला कित्येक आठवडे लागत. हेन्री फोर्डची मॉडेल टी 1914 ते 1925 या काळात फक्त काळ्या रंगात मिळे. मोटारींच्या उत्पादनाचा वेग वाढला, पण रंग वाळायला वेळ घेत होता. 1923 मध्ये ड्यू पाँटने ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोजचा लॅकर आणला आणि जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर तो पहिल्यांदा दिसला. नायट्रोसेल्युलोज म्हणजे बिनधुराच्या दारूगोळ्याचं द्रव्य. महायुद्ध संपल्यावर त्याच्या कारखान्यांना नवं काम हवंच होतं. म्हणजे छावणीतल्या तोफेचा आणि रस्त्यावरच्या मोटारीच्या रंगाचा हा असा सोयरसंबंध. हा लॅकर भराभर वाळे, पण फवाऱ्यातून निघाल्यावर मंद दिसे. त्याला घासूनच चमक आणावी लागे. रबिंग कंपाउंड हा मोटारधंद्यातला रोजचा जिन्नस झाला तो तेव्हापासून. हाताने घासणं परवडेना, म्हणून फिरणारं यंत्र आलं, आणि यंत्राच्या टोकाला मेंढीच्या लोकरीचं पॅड.

आपल्याकडे हा काळ अनेकांनी डोळ्यांनी पाहिला आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आली. 1974 पासून तिचं नाव पद्मिनी. ज्या राणीचं हे नाव, तिच्या आख्यायिकेत आरसा आहेच, त्यामुळे मालकांनी तिला आरसा करायचा ध्यास घेतला यात नवल नाही. आमच्याकडेही एक होती, डाळिंबी रंगाची, दुसऱ्या हाताने घेतलेली. दर दिवाळीला आम्ही अंगणात बसून तिला रबिंग करायचो. काम संपलं की आमचं पांढरं फडकं डाळिंबी झालेलं असायचं. आमच्या मातोश्री ते फडकं धुताना म्हणत, ‘एक दिवस सगळी गाडी या बादलीत येईल.’

मातोश्रींचं तत्त्वज्ञान आमच्यापेक्षा पक्कं होतं. त्या गाड्यांवर रंग आणि चमक एकाच थरात असे. घासला की रंगच निघे, आणि तो फडक्यावर दिसे. 1991 साली आळसाने आम्ही गाडी एका गॅरेजात दिली. त्यांनी लोकरीचं पॅड लावून यंत्र बॉनेटच्या मधल्या उंचवट्यावरून दाबून फिरवलं. परत आली तेव्हा उंचवट्यावर बोटभर लांब करडी रेघ होती, म्हणजे खालचा प्रायमर. उंचवट्यावर आणि कडांवर रंग मुळातच पातळ बसतो, आणि फिरणाऱ्या पॅडचा सगळा दाब तिथंच येतो. आम्ही चिडलो, पण फसवले गेलो असं वाटलं नाही. काय गेलं ते समोर दिसत होतं.

मंडळी, इतिहासाचं वळण इथं आहे. 1980 च्या दशकात जगभर, आणि नव्वदीत मेटॅलिक रंगाच्या गाड्या वाढल्या तसं आपल्याकडेही, नवी पद्धत रूढ झाली. खाली रंगाचा पातळ थर, त्यावर पारदर्शक क्लिअर कोट. आता चमक राहते ती क्लिअरमध्ये, आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारी द्रव्यंही त्यातच असतात. कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतात. त्यात क्लिअर साधारण 35 ते 50. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे आपण ज्याला गाडीचं तेज म्हणतो ते सगळं एका केसाहूनही पातळ पापुद्र्यात आहे. आणि हा पापुद्रा घासला तर फडक्यावर काही दिसत नाही. पांढरट लेप तेवढा दिसतो. झीज होतच राहिली, फक्त तिची साक्ष देणारं फडकं गेलं.

त्याबरोबर एक अडचण आली. लोकरीच्या पॅडने क्लिअरवर, विशेषतः काळ्या गाडीवर, कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा आणि लाटा उमटायला लागल्या. जुन्या रंगावर त्या इतक्या डोळ्यांत भरत नसत. त्यावर उपाय म्हणून फोमची, म्हणजे स्पंजाची, पॅड आली. आणि यंत्रही बदललं. जुनं रोटरी एका अक्षावर गरगर फिरतं. नवं ड्युअल ॲक्शन फिरतं आणि फिरता फिरता डोलतंही. ते दाबलं की त्याचं फिरणं मंदावतं, त्यामुळे रंग जाळण्याआधी ते स्वतःच थबकतं. विद्यार्थ्याने आम्हाला पॅडच्या कडेला पेनने एक खूण करून दाखवली. खूण फिरताना दिसते तोवर पॅड काम करतंय. नुसती थरथरताना दिसली, की दाब जास्त झाला किंवा यंत्र तिरकं धरलंय.

आता निवडीबद्दल, कारण घरी गाडी घासणारेही इथं बरेच असतील. पॅडच्या तीन जाती. लोकर सर्वांत जोरात कापते. प्रत्येक तंतू कण पकडून घासतो, आणि तंतूंमधून हवा खेळत असल्याने पृष्ठभाग त्या मानाने कमी तापतो. पण मागे धुरकट झाक ठेवते. आपल्या धनगरांची घोंगडी अंगाला टोचते आणि मऊ शाल टोचत नाही, तसाच लोकरी-लोकरीतही फरक असतो. दुसरं मायक्रोफायबर. पातळ फोमवर आखूड तंतू, कापायला जवळपास लोकरीइतकं तेज, ड्युअल ॲक्शनबरोबर चांगलं चालतं. तिसरा फोम. कडक फोम कापतो, मऊ फोम फक्त शेवटचा हात फिरवतो. फोम उष्णता धरून ठेवतो, म्हणून एका जागी रेंगाळू नये. आणि पॅडच्या रंगावर जाऊ नका. एका कंपनीचं नारिंगी कापणारं, तर दुसरीचं शेवटच्या हाताचं असू शकतं. बोटाने दाबून बघा, डब्यावरचं वाचा.

कंपाउंडही दोन वळणांची. एकातले कण घासता घासता फुटून बारीक होतात. ते पुरतं फुटेपर्यंत चालवावं लागतं, अर्ध्यात सोडलं तर रेघा राहतात. दुसऱ्यातले कण मुळातच बारीक आणि एकसारखे, ते शेवटपर्यंत सारखेच कापतात. तिथं आवर घालायचा तो हाताच्या दाबाने आणि पॅडच्या निवडीने. पॅड आणि कंपाउंड हे जात्याच्या दोन दगडांसारखे आहेत. एकट्याचा गुण सांगून भागत नाही, जोडीचा सांगावा लागतो. तेच कंपाउंड लोकरीवर भरभर कापतं आणि मऊ फोमवर जेमतेम पुसतं.

मग जोडी निवडायची कशी? इथं आमचा जुना धंदा उपयोगी पडला. 1843 मध्ये जॉन स्टुअर्ट मिलने तर्कशास्त्रावर ग्रंथ लिहिला. त्यातली व्यतिरेक पद्धती आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवली. दोन प्रसंगांत एकच गोष्ट वेगळी ठेवा, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल. आमचा विद्यार्थी बी.ए.ला हा भाग विसरला असेल, पण दुकानात रोज तो हेच करतो. आधी गाडी धुतो, चिकटलेला कचरा क्लेने काढतो, कारण पॅडखाली आलेला एक खडा सगळ्या कामाचा सत्यानाश करतो. मग बॉनेटवर दीड फूट बाय दीड फुटाचा चौकोन टेपने आखतो. सर्वांत सौम्य जोडीपासून सुरुवात. मऊसर फोम, बारीक पॉलिश, वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, आडवे-उभे चार-सहा फेरे. पुसून दिव्याखाली बघतो. रेघा गेल्या नाहीत, तर पॉलिश तेच ठेवून पॅड जरा कडक घेतो. तरीही नाही, तर पॅड तेच ठेवून कंपाउंड बदलतो. दोन्ही एकदम कधीच बदलत नाही. जिथं काम भागलं तिथं थांबतो, आणि तीच जोडी उरलेल्या गाडीवर. एका गाडीवर जमलेली जोडी दुसरीवर जमेल याची खात्री नसते, कारण एखाद्या कंपनीचा क्लिअर कडक, एखादीचा मऊ. पुन्हा रंगवलेल्या भागाचं तर गणितच निराळं.

उलट वाटेने गेलं तर काय? लोकर आणि जाड कंपाउंडने सुरुवात केली तर रेघा पहिल्या फेऱ्यातच जातील, पण सौम्य जोडीने गेल्या असत्या का, हे मग कधीच कळणार नाही. निघालेला क्लिअर परत बसवता येत नाही. आमच्या मते या सगळ्या धंद्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. चूक सौम्य बाजूला झाली तर दुरुस्त होते, जोराच्या बाजूला झाली तर होत नाही. सौम्य बाजूने सुरुवात करायची ती त्यासाठी.

आता बील्बीच्या वादाचं सांगतो. काही कंपाउंडमध्ये तेलं आणि मेणासारखी द्रव्यं असतात. ती रेघांत भरतात आणि गाडी लखलखीत दिसते. दोन-चार वेळा धुतली की रेघा परत हजर. म्हणजे रेघ काढलेली नसते, बुजवलेली असते. म्हणून विद्यार्थी चौकोन घासल्यावर पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो पुसतो आणि मगच दिव्याखाली बघतो. आम्ही त्याला म्हटलं, ‘हे बुजवणं म्हणजे लबाडीच की.’ तो म्हणाला, ‘नेहमी नाही, सर. क्लिअर फारच पातळ उरला असेल तर बुजवणंच बरं. फक्त गिऱ्हाइकाला तसं सांगायचं.’ आम्ही गप्प बसलो. भास आणि सत्य यांच्यातली रेघ आम्ही वर्गात जितकी ठळक काढत होतो, तितकी ती दुकानात नसते. तिथं प्रश्न असतो तो सांगितलं की नाही, याचा.

आणि किती निघतं? एका हलक्या हाताला साधारण एखाद-दुसरा मायक्रॉन, जोरदार कापणीला तीन-चार, कधी पाचही. पॅड, कंपाउंड, दाब, वेळ यावर ते ठरतं. आता हिशोब करा. चाळीस मायक्रॉनचा क्लिअर, वर्षाला दोनदा जोरदार कापणी. पाच वर्षांत तो संपायलाच येईल. आणि संपण्याच्या आधीच, पातळ झालेला क्लिअर आपल्या नगरच्या उन्हात पांढरा पडतो, पापुद्रे सुटायला लागतात. त्यावर कुठलंच पॅड चालत नाही, पुन्हा रंगवणं हाच उपाय. शिवाय त्या सहा-सहा महिन्यांच्या रेघा येतात कुठून? बहुतेक कोरड्या फडक्याने धूळ झटकण्यातून आणि बोअरच्या पाण्याचे डाग खरवडण्यातून. भरपूर पाण्याने आधी धूळ वाहून जाऊ दिली, मऊ कापडाने धुतली, पाणी अंगावर वाळण्याआधी टिपून घेतलं, तर पॉलिशची निम्मी हौस आपोआप कमी होते.

तेव्हा विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. गिऱ्हाइकाला नाही म्हणावं का? आम्ही दोन उत्तरं तयार केली होती. एक कर्तव्याच्या बाजूने, की ज्याने नुकसान होतं ते काम करू नये. दुसरं परिणामाच्या बाजूने, की तुझ्या हातून कमी नुकसान होतं, म्हणून तूच कर. दोन्ही त्याला ऐकवली. त्याने शांतपणे ऐकली, आणि खणातून एक दोनशे पानी वही काढली.

वहीत प्रत्येक गाडीचं एक पान. गाडीची बाह्यरेखा हाताने काढलेली, आणि तिच्यावर आकडे. बॉनेट 118, छत 124, डावा दरवाजा 109, असे. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र त्याने घेतलं आहे. ते पत्र्यावरचे सगळे थर एकत्र मोजतं, क्लिअर वेगळा सांगत नाही, आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर चालतही नाही. पण काम करण्याआधीचा आणि नंतरचा आकडा ठेवला, की किती गेलं ते निदान अदमासाने कळतं. खाली लिहिलेलं, कुठलं पॅड, कुठलं कंपाउंड, किती फेरे. त्या हौशी गिऱ्हाइकाचं पान आम्ही मागितलं. तीन वेळचे आकडे होते. बॉनेटवर 121, मग 117, मग 114.

‘हे त्याला दाखवलंस का?’ आम्ही विचारलं. तो म्हणाला, ‘नाही. दाखवलं तर येईल का परत, ही भीती वाटते.’

आम्ही त्याला मातोश्रींच्या बादलीची गोष्ट सांगितली. त्या काळी गॅरेजवाल्याला काही सांगावं लागत नव्हतं, फडकंच सांगत होतं. आता फडकं पांढरं निघतं, तर ते काम तुझ्या वहीने करायला हवं. गाडी त्याची, पैसा त्याचा, चकाकीची हौसही त्याची. निवड त्याने करावी. पण ज्या थरावर तो निवड करतोय तो त्याला दिसत नाही आणि तुला दिसतो. तेव्हा पान फिरवून त्याच्यापुढे ठेवणं, एवढं तुझ्याकडे लागू आहे. त्याउपर तो पुढच्या दुकानात गेला, तर आकडा माहीत असलेला माणूस म्हणून जाईल.

महिन्याभराने आम्ही पुन्हा दुकानात गेलो. गिऱ्हाईक आलं होतं, पान पाहून गेलं होतं. बराच वेळ त्या तीन आकड्यांकडे बघत राहिलं म्हणे. मग कापणी नको, नुसतं धुऊन वॅक्स लावून दे म्हणालं. पुढच्या वेळी येईल की नाही, ते आमच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक नाही. त्या दिवशीची त्याची कमाई मात्र नक्की कमी झाली, आणि ती गोष्ट आम्ही इथं लपवत नाही. शेजारच्या खणात मायक्रोफायबरची दोन नवी पॅड प्लॅस्टिकच्या पिशवीतच होती.

वेळ संपत आली. मागच्या रांगेतून दोन हात वर झालेले दिसतात. प्रश्न घेऊ.